जिथे आपलं कोणी नाही अशा गावी

बाबांचा प्रवासाचा एकच नियम होता. मुक्काम नातेवाइकांकडे.

ते भोपाळच्या मोठ्या कारखान्यात ड्राफ्ट्समन होते आणि आम्ही कारखान्याच्या टाउनशिपमध्ये क्वार्टरमध्ये राहायचो. दर काही वर्षांनी कंपनी सगळ्या कुटुंबाचं रेल्वेचं भाडं द्यायची. एलटीसी म्हटलं की गल्लीतल्या लहान पोरांनाही कळायचं. पण भाडं कंपनीचं असलं तरी हॉटेलचं बिल आपलं असायचं. त्यामुळे बाबा नकाशा पसरून बसले की आधी कोणत्या गावात आपलं कोण आहे ते बघायचे. पुण्याला आत्या, नागपूरला मामा, नाशिकला चुलतकाका. एकदा माथेरानला जायचं म्हणून आम्ही निघालो आणि कल्याणला आईच्या मावसबहिणीकडे आठ दिवस राहून परत आलो. माथेरानला आपलं कोणी नव्हतं. शाळेत मी माथेरान फार छान आहे असं सांगून टाकलं.

आईचं या सगळ्यात काय होत होतं ते मला फार उशिरा समजलं. कोणाच्याही घरी पोचलो की ती पाय धुवायची, अर्धा कप चहा घ्यायची आणि पदर खोचून स्वयंपाकघरात शिरायची. नणंदेकडे, भावजयीकडे गेल्यावर हातावर हात ठेवून कसं बसणार? आम्ही पोरं सारसबागेत हुंदडून यायचो तेव्हा ती दहा-बारा माणसांच्या पोळ्या लाटून नुकतीच उठलेली असायची. परतीच्या गाडीत ती इटारसीपर्यंत झोपलेली असे.

मी सहावीत असताना बाबांच्या विभागात तिरुचिरापल्लीहून एक तंत्रज्ञ आले. तिथेही आमच्याच कंपनीचा कारखाना आणि तशीच टाउनशिप होती. त्यांचं दोन महिन्यांचं प्रशिक्षण होतं आणि राहायची सोय कंपनीच्या हॉस्टेलवर. तिथल्या रोजच्या बटाट्याच्या रश्श्याला ते इतके कंटाळले की बाबा त्यांना एका रविवारी जेवायला घेऊन आले. आईने आमटी-भात केला होता. काका मांडी घालून बसले आणि तीन वेळा भात घेतला. त्यानंतर प्रत्येक रविवारी त्यांचं पान ठरलेलंच.

त्यांचं हिंदी मोडकंतोडकं होतं, पण ते बोलायला लाजत नसत. पहिल्याच दिवशी त्यांनी आमच्या घरात एक फेरी मारली, मोरीत डोकावले, मागचं दार उघडून बघितलं आणि जोरात हसले.

"मेरा घर भी यही. सेम टू सेम! सिर्फ दरवाज़ा उधर से."

एका रविवारी जेवताना पुढच्या एलटीसीचा विषय निघाला. बाबा म्हणाले, "या वेळी सोलापूरला जाऊ. काकूंकडे बऱ्याच वर्षांत गेलो नाही."

आई वाढत होती. हातातलं पातेलं तिने खाली ठेवलं. "मला एकदा तरी अशा गावाला न्या, जिथे आपलं कोणी नाही."

"अगं, मग उतरायचं कुठे?"

"ते मला माहीत नाही. पण जिथे गेल्यावर मला कोणाच्या ओट्याशी उभं राहावं लागणार नाही, अशा गावाला."

पाहुण्यांसमोर हे बोलल्याचं आईला लगेच वाईट वाटलं आणि तिने काकांना हिंदीत सांगितलं, "कुछ नहीं, घूमने की बात चल रही है." काकांनी मान डोलावली. त्यांना मराठीतलं काही कळलं नसेल असंच आम्हाला वाटलं.

प्रशिक्षण संपायच्या आठवड्यात काका बाबांना म्हणाले, "होटल क्यों? घर है ना. दिसंबर छुट्टी में तुम उधर, हम इधर."

बाबांना आधी समजेच ना. मग समजलं आणि ते खुर्चीतून उठलेच. काकांच्या पत्नीला सांचीचा स्तूप बघायचा होता, उज्जैनला महाकालाचं दर्शन घ्यायचं होतं. आम्ही त्यांच्या क्वार्टरमध्ये राहायचं, त्यांनी आमच्या. भाडं दोन्हीकडे कंपनी देणार. बाबांना इतका आनंद झालेला मी क्वचितच पाहिला होता. पण परवानगीशिवाय काही करतील तर ते बाबा कसले! त्यांनी टाउनशिपच्या ऑफिसात रीतसर अर्ज दिला. मी त्यांच्यासोबत होते. तिथल्या बाबूंनी अर्ज दोनदा वाचला आणि चष्मा काढला.

"मतलब, मेहमान आएँगे और मेज़बान चले जाएँगे?"

"जी."

"फिर मेहमाननवाज़ी कौन करेगा?"

बाबूंनी हसत हसत शिक्का मारला.

शेजारी उज्जैनच्या एक मावशी राहायच्या. त्या शाळेत शिकवत आणि त्यांच्या मराठीत अर्धं हिंदी असे. किल्ली त्यांच्याकडे ठेवायची ठरलं. "तुम्ही बेफिकर होऊन जा," त्या आईला म्हणाल्या. आईने निघायच्या आधी चार दिवस घर घासून काढलं. डबे भरून ठेवले, लोणच्याची बरणी पुढे काढली. डिसेंबरची थंडी त्या लोकांना सोसणार नाही म्हणून तिने घरातले सगळे स्वेटर, शाली आणि कानटोप्या पलंगावर मांडल्या. काकांच्या दोन मुलांची मापं तिने माझ्या आणि भावाच्या अंगावरून अंदाजाने धरली होती.

दोन्ही कुटुंबं एकाच दिवशी निघाली होती. बाबांनी वेळापत्रक बघून सांगितलं की बल्हारशाहच्या आसपास दुपारी त्यांची गाडी आपल्या बाजूने जाईल. माझा भाऊ खिडकीला चिकटून बसला आणि समोरून येणाऱ्या प्रत्येक गाडीला त्याने हात केला, मालगाड्यांनासुद्धा.

मद्रासला गाडी बदलून आम्ही तिरुचिरापल्लीला पोचलो तेव्हा सकाळ होती. शेजारच्या बाईंनी कुलूप उघडून दिलं. घर खरंच आमच्यासारखं होतं. भावाने न बघता हात लांबवला आणि दिव्याचं बटण सापडलं तसा तो ओरडलाच. आई सवयीने सरळ स्वयंपाकघरात गेली. तिथे भिंतीला एक मोठा कागद चिकटवला होता. त्यावर निळ्या शाईत, मुलीच्या गोल अक्षरात इंग्रजीत काहीतरी लिहिलं होतं. आईने मला हाक मारली.

"बघ गं, काय लिहिलंय? गॅसचं काही असेल."

मी वाचलं. वरती वार लिहिले होते आणि प्रत्येक वारासमोर सकाळ-संध्याकाळचे क्वार्टर नंबर. त्या त्या घरातून त्या वेळचं जेवण येणार होतं. सर्वांत खाली एक ओळ होती. मी आईला ती मराठीत सांगितली, "आमची आई म्हणते, तुम्ही सुट्टीवर आहात. कृपया स्वयंपाक करू नये."

आईने मला ते पुन्हा वाचायला लावलं. मग ती तिथेच पाटावर बसली. नुसती त्या कागदाकडे बघत राहिली. काकांना त्या रविवारचं मराठी कळलं होतं. निदान आईचा चेहरा कळला होता.

थोड्या वेळाने ती बाबांना म्हणाली, "अहो, पण मग मी करू काय?"

पहिल्या दिवशी तिने लखलखीत असलेला ओटा दोनदा पुसला. दुसऱ्या दिवशी न्हाऊन ओले केस सोडून ती पायरीवर उन्हात बसली. असं बसलेलं मी तिला आधी पाहिलंच नव्हतं. शेजारच्या बाईंनी तिला दारापुढची रांगोळी घालायला शिकवली. त्या दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, पण हसण्याचा आवाज आतपर्यंत यायचा. मधे आम्ही रामेश्वरला जाऊन आलो. आई गुडघाभर पाण्यात किती तरी वेळ उभी होती आणि बाबा काठावर तिच्या चपला धरून.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी तिला एकदम आठवलं. "आणि मी त्या बाईसाठी काय ठेवून आले? कणीक आणि तांदूळ! ती बिचारी तिथे स्वयंपाक करत असेल."

तिचं जेवणावरून मन उडालं. शेवटी बाबा उठले आणि पोस्टात जाऊन त्यांनी मावशींच्या यजमानांच्या ऑफिसात ट्रंक कॉल लावला. एरवी कोणी आजारी असल्याशिवाय ट्रंक कॉल न करणारे बाबा फोनवर ओरडून सांगत होते, "मावशींना म्हणावं, त्या बाईंना स्वयंपाक करू देऊ नका! हो, स्वयंपाक! नाही, सगळे ठीक आहेत!"

भोपाळला परत आलो तेव्हा मावशी दारातच भेटल्या. आईने पिशव्या खाली ठेवायच्या आत विचारलं, "दिलं ना हो तुम्ही जेवण?"

"कसलं जेवण, बाई! मी दोन वेळा डबा नेला, तर तिने तो ठेवून घेतला आणि मला भरून परत दिला. रोज सकाळी अख्ख्या गल्लीला डोसे! मुलं शाळा नसताना सहाला उठून तिच्या दारात. तिला रोकणार कोण?"

घरात स्वेटर धुऊन, घड्या घालून ठेवलेले होते. मावशी म्हणाल्या की ते चौघं घरातसुद्धा दोन-दोन स्वेटर आणि कानटोप्या घालून बसायचे.

त्यानंतर अजून एकदा आम्ही घरांची अशी अदलाबदल केली, पण आई आणि काकांच्या पत्नी, म्हणजे आमच्या काकू, काही एकमेकींना भेटल्या नाहीत. दरवेळी एक गेली की दुसरी यायची. पोंगलला तिकडून पत्र यायचं, दिवाळीला इकडून जायचं. लिहिणाऱ्या आम्ही दोघी मुली. पुढे आमची लग्नं झाली आणि मग त्या दोघी फोनवर बोलू लागल्या, एक तामिळ मिसळलेल्या इंग्रजीत आणि दुसरी भोपाळी हिंदीत. त्यांना काय समजायचं कोण जाणे, पण फोन अर्धा तास चालायचा.

बाबा निवृत्त झाल्यावर त्यांनी भोपाळच्याच आनंद नगरात लहानसं घर घेतलं. मी तोवर पुण्यात होते. एक दिवस आईचा फोन आला. तिरुचिरापल्लीचे काका गेले होते. दोन-तीन महिन्यांनी ती म्हणाली, "मला तिच्याकडे जायचंय. तू येशील का माझ्यासोबत?"

विमानाची तिकिटं स्वस्तात काढण्यात मी तरबेज झाले होते. सुट्ट्या टाळून मधल्या वाराचं विमान बघायचं, आधीपासून लक्ष ठेवायचं, मधला थांबा चालणार असेल तर तो घ्यायचा. पण बाबा माझ्या पुढे होते. गुडघ्यांमुळे त्यांना येता येणार नव्हतं, म्हणून त्यांनी सगळा जीव तिकिटात घातला. रोज सकाळी फोन. "आज उतरलंय बघ." "इंदूरहून स्वस्त पडतंय." "इंदूरपर्यंतची टॅक्सी धरली तर मात्र तेवढंच होतं."

पंधरा दिवस हे चाललं. मग मागून आईचा आवाज आला, "अहो, मला तिला भेटायचंय. तिकिटाला नाही."

त्याच दिवशी बाबांनी भोपाळहून हैदराबादमार्गे जाणारं तिकीट काढायला सांगितलं. हैदराबादला पाच तास थांबायचं होतं, म्हणून ते स्वस्त होतं. मला वाटलं आई दमेल. पण तिने विमानतळाच्या दोन फेऱ्या मारल्या, प्रत्येक दुकानात किंमत विचारली, काहीही घेतलं नाही आणि मजेत होती.

राहायचं कुठे, यावर मात्र तिने मला चकित केलं. काकू मुलीच्या फ्लॅटमध्ये राहत होत्या आणि घरीच या म्हणून त्यांनी बजावलं होतं. आई म्हणाली, "हॉटेल बघ. चांगलं बघ, स्वस्त नको."

"आई, त्या रागावतील."

"रागावू दे. आपण घरी उतरलो की ती उद्यापासून ओट्याशी उभी राहील. नवरा जाऊन सहा महिने नाही झाले तिला. तिच्यासाठी पण खोली घे. नाहीतर असं कर, आम्ही दोघी एका खोलीत राहतो, तू वेगळी घे."

काकू खरंच रागावल्या. फ्लॅटच्या दारात दोघी पहिल्यांदा समोरासमोर आल्या. काकू माझ्या कल्पनेपेक्षा खूपच बुटक्या होत्या. त्यांनी आईचे दोन्ही हात धरले आणि "हॉटेल? हॉटेल?" एवढंच दोनदा म्हणाल्या. आईने हिंदीत समजावलं, मी इंग्रजीत, त्यांच्या मुलीने तामिळमध्ये. मुलीला बोलता बोलता रडू आलं. ती मला हळूच म्हणाली, "अप्पा गेल्यापासून अम्मा घराबाहेर पडलेली नाही."

शेवटी काकूंनी एका पिशवीत दोन साड्या घातल्या आणि त्या आमच्यासोबत निघाल्या.

तीन दिवस त्या दोघी एका खोलीत राहिल्या. सकाळी मी दार वाजवलं की आतून दोघींच्या एकदम बोलण्याचा आवाज यायचा. खाली नाश्त्याला त्या तास-तासभर बसायच्या. एका दुपारी काकू काकांबद्दल खूप वेळ बोलल्या, सगळं तामिळमध्ये. आई मान हलवत ऐकत होती. मी नंतर विचारलं, "तुला काय कळलं?"

"शब्द नाही कळले," आई म्हणाली. "पण मधेच मी कसं थांबवणार तिला?"

हॉटेलचं बिल तिकिटात वाचवलेल्या पैशांच्या कितीतरी पुढे गेलं. ते बाबांना सांगायची मला धास्ती वाटत होती. त्यांनी फोनवर आकडा ऐकला आणि विचारलं, "खोलीतून काय दिसत होतं?"

पुढच्या जानेवारीत काकू भोपाळला आल्या. तिकीट बाबांनीच शोधलं होतं, चांगलं चार महिने आधी, थेट नव्हतं पण वेळ सोयीची होती. मीही तेव्हा पुण्याहून आले होते. त्यांना आणायला मी जाते म्हटलं, तर बाबांनी ऐकलं नाही. इस्त्रीचा शर्ट घालून, काठी घेऊन, विमान उतरायच्या दोन तास आधीच ते राजा भोज विमानतळावर जाऊन बसले.