टेंभुर्णीची फळगळ

लोणखेड्यातल्या माझ्या बी-बियाण्यांच्या दुकानात ती एकदाच आली. पदरात बांधावरच्या टेंभुर्णीची गळालेली हिरवी फळं होती. सांडू नयेत म्हणून तिने खालून हात धरला होता.

"सासू म्हनस, झाड वांझ शे, तोडी टाका."

"कोवळ्या फळात वाढीचं संजीवक कमी पडलं की देठ सुटतो, ताई. त्याची फवारणी करून बघा."

"मंग झाडना दोस नही ना, भाऊ?"

"झाडाचा कसला दोष!"

"हाईच मन्ही सासूले सांगा," म्हणत तिने फोन लावून माझ्या हातात दिला. मी अगदी ठासून सांगितलं.

आजवर बोललो नाही ते सांगतो. बायकोचा गर्भ दोनदा गळाला, तेव्हा माझी आईही तिला वांझ म्हणाली होती. मी समोर बसून जेवत राहिलो.