सिस्टरचे नाव घेणारा फोन

निवृत्तीनंतर बहुतेक गुन्हे डोक्यात एकमेकांत मिसळून गेले आहेत. ही घटना मात्र आजही वेगळी आठवते.

मी तेव्हा चेन्नईबाहेर, ओरगडमच्या रस्त्यावरच्या ठाण्यात इन्स्पेक्टर होतो. सकाळची हजेरी, लॉरी अपघातांचे पंचनामे, कारखान्यांच्या गेटवरची भांडणे, हे आमचे रोजचे काम. हद्दीत एक निवासी उपचार केंद्र होते. व्यसनात अडकलेले डॉक्टर, नर्स, फार्मासिस्ट तिथे काही महिने एकत्र राहत. रुग्णांची औषधे सतत हाताशी असतात, त्यातूनच अनेकांना सवय लागलेली. स्वयंपाक, झाडलोट, भांडी सगळे पाळीने. कुणी कुणाला डॉक्टर म्हणायचे नाही. सकाळी सगळे गोल बसत आणि आपण काय केले ते एकमेकांना सांगत.

एके दिवशी सकाळी तिथला एक तरुण भूलतज्ज्ञ न्हाणीघरात बेशुद्ध सापडला. मूळचा महाराष्ट्रातला, नोकरीसाठी चेन्नईत आलेला. तिथेच उपचार घेणाऱ्या एका नर्सने दार फोडले. त्याचा श्वास जवळजवळ थांबला होता. तिने तोंडाने श्वास दिला, केंद्रात ठेवलेले उताऱ्याचे इंजेक्शन टोचले आणि रुग्णवाहिका येईपर्यंत त्याला सोडले नाही. तो वाचला. केंद्राच्या संचालिकांनी स्वतःच ठाण्यात कळवले. सिरिंज आणि काचेची कुपी आम्ही पंचांसमक्ष सील केली. कुपीवरचे नाव खरवडून काढलेले होते.

दुपारी ठाण्यात निनावी फोन आला. पुरुषाचा आवाज, सफाईदार इंग्रजी. "दार फोडणारी ती नर्स स्वतः व्यसनी आहे. तिनेच त्याला फेंटानिल आणून दिलं. तिला विचारा."

फेंटानिल म्हणजे भूल देताना वापरायचे, अफूच्या जातीचे जबर औषध. संशयाला जागा होती. नर्स चेन्नईजवळच्याच आवडी या गावची, इथल्या माहितीची. केंद्राची भाजी आणायला बाहेर जाणारी तीच. महिला कॉन्स्टेबलला शेजारी बसवून मी चौकशी सुरू केली.

"सिस्टर, कुपी तुम्ही आणलीत?"

"नाही सर."

"पण तुम्हीही फेंटानिल घेत होतात."

"पेथिडिन. ऑपरेशन थिएटरमधून चोरत होते. एका पेशंटला कमी दिलं आणि उरलेलं मी घेतलं. तो वेदनेनं कण्हत होता आणि मी शेजारी उभी होते. हे मी रोज सकाळी सगळ्यांसमोर सांगते, तुम्हालाही सांगते. पण ही कुपी माझी नाही."

खोटे बोलणारा माणूस आधी स्वतःची बाजू सावरतो, हे मी वर्षानुवर्षे पाहिले होते. ही बाई न विचारलेला गुन्हाही कबूल करत होती. तरीही माझ्या वाटण्यावर तपास चालत नाही. तिच्यावर गुन्हा नोंदला असता तर तुरुंग होता, आणि नर्सिंगचा परवाना कायमचा गेला असता.

ती गेल्यावर मी त्या फोनचा विचार करत बसलो. कुपीवर नाव नव्हते. प्रयोगशाळेचा अहवाल यायचा होता. हॉस्पिटलचे डॉक्टरही "अफूच्या जातीचं काहीतरी" एवढेच म्हणत होते. मग फोनवाल्याला फेंटानिल हे नाव कुठून कळले? फोन तांबरमच्या एका लॉजच्या काउंटरवरून आलेला निघाला. आणि त्या लॉजमध्ये, मुलाला भेटायला आलेले त्या भूलतज्ज्ञाचे वडील उतरले होते. गावाकडे स्वतःचे हॉस्पिटल असलेले नावाजलेले सर्जन. मुलाला काय झाले आणि कुणी वाचवले, हे केंद्राने सकाळीच त्यांना कळवले होते.

मुलगा शुद्धीवर आला होता. हवालदारांना त्याने "काही आठवत नाही" एवढेच सांगितले होते. मी त्याच्याशी मराठीत बोललो. आमचे घर मूळचे तंजावरचे. घरी अजून जुन्या वळणाची मराठी बोलतात. तो चमकून पाहू लागला.

"एवढंच सांगायला आलोय," मी म्हणालो. "ज्या सिस्टरनं तुम्हाला वाचवलं, त्यांनीच औषध दिलं असं कोणीतरी फोन करून कळवलंय."

"कुठून केला फोन?"

"तांबरमच्या लॉजवरून."

त्याने भिंतीकडे तोंड फिरवले. म्हणाला, "बाबांनी दिलं. ते भेटायला आले तेव्हा मी म्हटलं, झोप येत नाही, सहन होत नाही. समोर केंद्राचा माणूस बसला होता, पण त्याला मराठी कळत नव्हती. बाबांनी टॉवेलात गुंडाळून कुप्या दिल्या. म्हणाले, थोडं थोडं घे, लवकरच घरी नेतो, मीच सोडवीन तुला."

मध्ये बरेच दिवस औषधाविना गेल्यामुळे शरीराला जुनी मात्रा पेलली नव्हती.

वडिलांना ठाण्यात आणले. ते ताठ बसले होते.

"साहेब, मी सर्जन आहे. किती द्यायचं ते मला कळतं."

"तो मेला असता."

"तिथे त्याला संडास धुवायला लावतात. चार लोकांपुढे मी व्यसनी आहे म्हणायला लावतात. आमच्या घरात असं कधी झालं नाही."

"आणि सिस्टर?"

त्यांनी चष्मा काढला, पुसला. "तिचं नाव आधीच खराब झालेलं होतं," ते म्हणाले.

पोलिसांपुढची कबुली कोर्टात टिकत नाही, म्हणून मुलाचा जबाब मॅजिस्ट्रेटपुढे नोंदवून घेतला. त्याच्या खोलीत टॉवेलात सापडलेली उरलेली कुपी वडिलांच्या हॉस्पिटलच्या साठ्यातली असल्याचे सिद्ध झाले. मी हे सांगायला केंद्रात गेलो तेव्हा सिस्टर भांडी घासत होती. तिने विचारले, "सर, त्याला परत इथेच पाठवणार ना?" संचालिकांनी त्याला परत घेतले.

खटल्यात मुलाची साक्ष झाली. वडील आरोपीच्या जागी उभे होते. व्यवसाय विचारल्यावर तो स्पष्ट आवाजात म्हणाला, "भूलतज्ज्ञ. सध्या परवाना स्थगित. मी व्यसनी आहे आणि उपचार घेतो आहे." जे झाकण्यासाठी वडिलांनी एवढे केले, ते भर कोर्टात बोलले गेले. वडिलांनी मान खाली घातली.

नंतर कोर्टाच्या व्हरांड्यात, मुलापासून लांब, ते माझ्याजवळ आले. मला वाटले, काही तक्रार असेल.

"साहेब, साक्ष देताना त्यानं पाण्याचा ग्लास उचलला तेव्हा मी बघत होतो," ते म्हणाले. "त्याचा हात थरथरला नाही."

या तपासाआधी, गुन्ह्यामागे कुणाचा फायदा आहे हा माझा पहिला प्रश्न असे. त्यानंतरच्या प्रत्येक तपासात मी आणखी एक विचारू लागलो: या घरात कुणाची लाज कोण झाकतो आहे? त्या प्रश्नाचे उत्तर देताना बहुतेकांचा आवाज बसत असे. मग मी घाई करत नसे. समोर पाण्याचा ग्लास ठेवून थांबत असे.