'पण'नंतरचं गाणं

परवा इथं आखातात, सीबच्या सुपरमार्केटात ऐंशीच्या दशकातलं ते गाजलेलं इंग्रजी गाणं लागलं आणि मला गावची पडवी आठवली. बाबा तेव्हा इथंच जवळ मत्रहला सुतारकाम करायचे आणि पत्राऐवजी आपल्या आवाजात कॅसेट भरून पाठवायचे. एकदा कोरी मिळाली नसावी; कुणाच्यातरी गाण्याच्या कॅसेटच्या, वर काही भरता येऊ नये म्हणून ठेवलेल्या भोकात कागदाचा बोळा कोंबून ते त्या गाण्यावरच बोलले. "गणपतीला येतो, इन्शाल्ला, पण..." एवढंच झालं आणि ड्रम बडवत मधूनच गाणं सुरू झालं. आई पिठाच्या हातांनी बाहेर आली. "मागं घे." मी घेतली. पुन्हा 'पण', पुन्हा ड्रम. "गाण्याच्या खाली हे बोलत असतील, नीट ऐक," म्हणत ती टेपला कान लावायची, उठायची, पडवीत फेऱ्या मारून पुन्हा बसायची. गणपती आले, बाबा आले नाहीत. शिमग्याला आले तेव्हा तिने आधी 'पण'च्या पुढचंच विचारलं. "आता काय आठवतंय!" म्हणून ते हसले. परवा त्या गाण्याची सुरुवात, जिच्यावर बाबा बोलले होते ती, मी पहिल्यांदाच ऐकली. ट्रॉली धरून तिथंच उभा राहिलो. वाटलं, कुणीतरी बाबांचा आवाज पुसून त्यावर हे गाणं भरलंय.