अलकनंदाबाईंनी थांबवलेलं युद्ध

अलकनंदा खानोलकर यांनी एकतीस वर्षं मोजे ताणले. लष्कराला लागणारा माल तपासणाऱ्या एका सरकारी कार्यालयात त्या नोकरीला होत्या आणि त्यांच्या टेबलावर लोकरीचे मोजे येत. मोजा ताणायचा, धुवायचा, वाळवायचा, पुन्हा ताणायचा, आणि टाच विरली की अख्खा लॉट परत. भलेभले पुरवठादार त्यांना टरकून असत. नवरा उल्हास हयात असताना सांगायचा, "माझेही दोनदा नापास झालेत."

निवृत्तीनंतर त्या दिल्लीत द्वारकेतल्या आपल्या सोसायटीच्या सेक्रेटरी झाल्या. दोन हजार सातच्या थंडीत पोरांची तक्रार आली की, दर सोमवारी आणि गुरुवारी संध्याकाळी टेबल टेनिसचं टेबल म्हातारे अडवून बसतात. बाई टेबल मोकळं करायला क्लब हाउसमध्ये गेल्या.

टेबलावर थर्माकोलचे डोंगर होते आणि पुठ्ठ्याच्या पलटणी. एका बाजूला विश्वास प्रधान. जन्मभर मंत्रालयात जहाजांच्या फायली हलवलेल्या, पण जगातल्या सगळ्या लढाया पाठ. समोर बाळ देवस्थळी, टेलिफोन खात्यातले निवृत्त इंजिनियर. मध्ये पंच म्हणून कर्नल बळवंत शितोळे. तिघांत खरं युद्ध पाहिलेला माणूस हाच, आणि तो मुकाट्याने चहा पीत फासे टाकायचा.

"हा पोरखेळ नाही, ताई," विश्वासराव म्हणाले. "एकदम रिअलिस्टिक आहे. ही माझी ब्रिगेड बघा, खिंड ओलांडून आली. एका दिवसात चाळीस किलोमीटर."

"बर्फातून?"

"बर्फातून. त्याचे दोन गुण कापलेत ना."

"मोजे किती जोड दिलेत?"

बाळासाहेब खो-खो हसले. विश्वासरावांना मात्र ते लागलं. खेळात एवढी खोट असेल तर तुम्हीच नियम करून द्या, असं ते जरा घुश्शातच म्हणाले. बाईंना कुणी काम सांगितलं की त्या करून टाकत. आठवड्याभरात त्यांनी नऊ पानी नियम लिहून आणले.

माणशी मोजे तीन जोड. ओले झाले की वाळायला एक दिवस. न वाळवता चालवलंत तर पाव पलटण पाय धरून बसणार. पाणी न उकळता प्यायलात तर तिसऱ्या दिवशी हगवण. फाशावर एक किंवा दोन पडले तर खेचर जागचं हलणार नाही. आणि काहीही हवं असेल तर मागणीपत्र तीन प्रतींत. उत्तर दोन चालींनंतर.

पुढच्या सोमवारी विश्वासरावांची ब्रिगेड शौर्याने नदीपर्यंत पोचली, पाणी तसंच प्यायली आणि नदीकाठीच झाडाझुडपांमागे विखुरली. बाळासाहेबांना ती तिथेच गाठायची होती, पण त्यांची खेचरं चार चाली एका वळणावर उभी. त्यातून रॉकेल मागितलं होतं तर रम आली. जवान खूश, पण चुली थंड. तीन सोमवार गेले. युद्ध पेटलेलं होतं, पण एक गोळी सुटली नव्हती.

"यार, शत्रू आहे कुठे?" बाळासाहेब वैतागले.

"मागणीपत्रावर सही घेतोय," बाई म्हणाल्या.

विश्वासरावांना हे सगळं भयंकर आवडायला लागलं. मंत्रालयात जन्म गेलेल्या माणसाला असं युद्ध आतून कळतं. चौथ्या सोमवारी मात्र कर्नलसाहेब आले नाहीत. गुरुवारीही नाहीत. बाई त्यांच्या फ्लॅटवर गेल्या. ते एकटेच असत. दार उघडून त्यांनी बाईंना बसवलं.

"नियम चुकले का काही?" बाईंनी विचारलं.

"नाही. बिलकुल बरोबर आहेत." कर्नल म्हणाले. "माझ्या कंपनीत एकोणीस जणांच्या पायांची बोटं कापावी लागली, ताई. गोळी एकालाही लागली नव्हती. आम्ही पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं."

बाईंनी जो प्रश्न एकतीस वर्षं पुरवठादारांना विचारला होता तो विचारला, फक्त आवाज नेहमीसारखा नव्हता. "माल कोणत्या सालचा होता?"

"तुम्ही नोकरीला लागायच्या आधीचा," कर्नल लगेच म्हणाले. बाई कधी नोकरीला लागल्या ते त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं.

"मग या खेळाला येता तरी कशाला?"

"चाळीस किलोमीटर जायला. निदान टेबलावर तरी वेळेवर पोचावं."

दुसऱ्या दिवशी क्लब हाउसच्या फळ्यावर सेक्रेटरींच्या सहीने सूचना लागली : सोमवारी नवीन नियम, गुरुवारी जुने. विश्वासरावांनी लेखी हरकत नोंदवली. ती दप्तरी जमा झाली.

गुरुवारी कर्नल आले. पंचाची खुर्ची बाळासाहेबांना देऊन कर्नलना पहिल्यांदाच खेळायला बसवलं गेलं, आणि समोर स्वतः बाई बसल्या. आयुष्यभर टाचा तपासणाऱ्या या बाईंनी मागचापुढचा विचार न करता सगळे रणगाडे एका झपाट्यात समोरच्या टेकडीवर घातले. पेट्रोल किती आहे, ते त्यांनी विचारलंसुद्धा नाही.

"टेकडी रिकामी आहे, ताई," कर्नल म्हणाले. त्यांची ब्रिगेड चाळीस किलोमीटरचा वळसा घेऊन मागून येऊन उभी होती. "तुमचं मुख्यालय गेलं."

"अच्छा," बाई म्हणाल्या, आणि रणगाडे पुन्हा मांडू लागल्या.

त्या हिवाळ्यात त्या एकही गुरुवार जिंकल्या नाहीत.