डच लोकांना राग येत नाही का?

निवृत्त झाल्यावरही मी इथे इंदूरला परदेशीपुऱ्यातल्या मुलांना घरी इंग्रजी शिकवते. गेल्या हिवाळ्यात वाक्प्रचार चालू होते. दारू पिऊन अंगात येणारं अवसान म्हणजे डच करेज. बोलणं डोक्यावरून गेलं की डबल डच. नात्याचा ना गोत्याचा, तरी तोंडावर खरडपट्टी काढतो तो डच अंकल. मी सांगितलं, समुद्रावरच्या व्यापारावरून इंग्रजांचं आणि डचांचं हाडवैर होतं. लढाया संपल्या, टोमणे राहिले.

एका मुलीने विचारलं, "पर मॅडम, डच लोकांना राग नाही येत?"

"त्यांना काय पडलंय! हसत असतील," म्हणून मी पान उलटलं.

त्याच आठवड्यात माझी लेक सासूबाईंना घेऊन पुण्याहून आली. विहीणबाई मनाने चांगल्या, लेकीला जपतात, पण एक खोड आहे. घरात काहीही बिनसलं की ते 'इंदुरी'. वरण गोड झालं, इंदुरी. निघायला उशीर झाला, इंदुरी वेळ. लेकीच्या बोलण्यात हिंदी शब्द आला, मग तर विचारूच नका. फोनवर मागून हे ऐकू यायचं आणि माझा पारा चढायचा. पण तिच्या संसारात आपण कशाला नाक खुपसा, म्हणून गप्प बसायचे. लेकीचं बोलणं मात्र महिन्यागणिक कमी होत चाललं होतं. मला धास्ती त्याची होती.

सकाळी पोहे केले. आमच्याकडे शेव नसेल तर ते पोहेच नाहीत. मी डबा पुढे केला, तर लेकीने बशीवर हात आडवा धरला.

"नको गं आई."

हीच मुलगी वरणभातावरसुद्धा शेव मागायची, नाही दिली तर रुसायची.

विहीणबाई म्हणाल्या, "बघा, सुधारली की नाही! सगळ्यावर शेव, हा काय इंदुरीपणा!"

आणि सगळ्यात आधी हसली ती माझी लेक. वर्गातल्या त्या मुलीला मी फारच घाईने उत्तर दिलं होतं.

मी डबा तसाच धरून ठेवला. "टाकू की नको? खरं सांग."

तिने सासूबाईंकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग हात बाजूला घेतला.

"डाल ना, आई. और डाल." मग सासूबाईंकडे वळून, आवाज न चढवता म्हणाली, "अहो आई, तुम्ही म्हणा काय म्हणायचं ते. पण मी दर वेळी हसते ना, ते मला आवडतं म्हणून नाही."

आणि ती खाली मान घालून पोहे खायला लागली, पूर्वीसारखी भराभरा, शेव मऊ पडायच्या आत.