झोपेत नेलेली मुलं

शिवणमावशीच्या घरून मूल कधी रडत गेलं नाही. याचा तिला अभिमान होता.

दत्तक घर मिळेपर्यंत मुलं सांभाळायचं काम ती करायची. दत्तक कार्यालयातून मूल यायचं. कधी काही आठवडे राहायचं, कधी वर्षभर. उरलेल्या वेळात शिवणकाम: चेन बदलणं, पँट आखूड करणं, उसवलेले खिसे. मशीन जुनी, पायाची. मुलं तिच्या आवाजाला सरावायची. शेजारी दुपटं अंथरलं, पाय चालू केला, की पापण्या जड.

निरोप देण्याची तिची रीत यातूनच आली. नवे आईबाप यायच्या सुमारास ती मशीनवर बसायची. मूल गाढ झोपलं की अलगद उचलायचं, नव्या आईच्या खांद्यावर टाकायचं, आणि गाडीचं दार हळू लावा म्हणून बजावायचं. कार्यालयातली जुनी माणसं इतरांना सांगायची, शिकायचं तर हिच्याकडून शिका.

तिचा नवरा बस चालवायचा. तो म्हणायचा, "आपण बसस्टॉप. गाडी येते, थांबते, जाते. स्टॉपने गाडीत चढायचं नसतं."

"आणि मग परवा जिन्यात तोंड फिरवून कोण उभं होतं?"

"माझ्या डोळ्यात डिझेल गेलं होतं."

मग एक मूल परत आलं.

याच घरातून, अशीच झोपेत गेलेली मुलगी. गेली तेव्हा नुकती चालायला लागली होती. आली तेव्हा वाक्यं बोलत होती. त्या जोडप्याने कार्यालयात हात जोडले. म्हणाले, ही झोपतच नाही. आम्ही माणसात राहिलो नाही. आमच्याने होणार नाही.

मुलीने मावशीला ओळखलं नाही. दाराकडे तोंड करून बसली. जेवली, पाणी प्यायली, पुन्हा दाराकडे. नवऱ्याने पहिल्याच दिवशी तिचं नाव पहारेकरी ठेवलं. त्यावर ती हसली नाही. तोही मग हसला नाही.

दुसऱ्या दुपारी मावशी सवयीने मशीनवर बसली. चार टाके पडले असतील. मुलगी उभी राहिली. आवाजाने तिच्या पापण्या खाली येत होत्या, आणि ती दोन्ही हातांच्या बोटांनी त्या वर ओढून धरत होती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तोंडातून आवाज नाही.

मावशीचा पाय थांबला. मावशीचा चेहरा, हे घर, पोरीला काहीच आठवत नव्हतं. मशीन आठवत होती.

त्यानंतर मशीन बंद. गिऱ्हाइकांचे कपडे खुर्चीवर साचले. समोरची बाई म्हणाली, "मावशी, पोराची पँट आखूड करायला दिली होती ना, ती तशीच द्या. वाट बघून बघून तोच लांब झाला." मावशीने पँट देऊन टाकली.

कार्यालयात नुकतीच लागलेली एक समाजसेविका होती. ताई म्हणायचे तिला. तिने मावशीचं सगळं ऐकून घेतलं. शाबासकी दिली नाही, दोषही दिला नाही.

"झोपेत नेलेलं मूल, कुठे चाललो असं विचारत नाही," ताई म्हणाली. "ते उठल्यावर विचारतं. तेव्हा उत्तर देणारं माणूस तिथे नसतं."

"म्हणून काय रडवून पाठवू?"

"रडू दे की. कुणाच्या तरी कुशीत रडेल."

मावशीला राग आला. कालची पोरगी, हिने एक लंगोट बदललेला नाही. पण रागावून करणार काय? दुसरं घर बघणं चालू होतं. तिथूनही मुलगी परत आली, तर तिसरं घर कुणी शोधणार नव्हतं. मग मोठ्या वसतिगृहात, खाटांच्या रांगेत. मावशीने ते वसतिगृह पाहिलं होतं.

त्या दुपारी तिने मुलीला मांडीवर घेतलं. तिचा हात मशीनच्या चाकावर ठेवला. "हे तू धरलंस की ही थांबते. बघ." मुलीने धरलं. थांबली. सोडलं. चालली. पुन्हा धरलं. कितीतरी वेळ हेच.

मग मावशी म्हणाली, "तू लहान होतीस तेव्हा मी तुला झोपवलं, आणि झोपेतच त्या घरी दिलं. तुला सांगितलं नाही. आता तसं करणार नाही."

मुलीने वळून पाहिलं. "मी डोळे मिटले तर?"

"उघडशील तेव्हा मी इथेच."

मुलगी तिथेच, मांडीवर, चाकावर हात ठेवून झोपली. मावशीच्या पायाला मुंग्या आल्या. दाराची बेल वाजली. समोरची बाई हाका मारत राहिली, शेवटी "मेली की काय ही" असं पुटपुटून गेली. मावशी हलली नाही. मुलीने डोळे उघडले, वर पाहिलं, आणि पुन्हा मिटले.

नवं जोडपं येऊ लागलं. बाई चष्म्याच्या दुकानात कामाला, नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा. ताईने घाई केली नाही. आधी ते नुसते बसले. मग बाईने भरवलं. मग मावशीच मुलीला त्यांच्या घरी घेऊन गेली, परत आणली, पुन्हा नेली. मुलीने तिथली सगळी दारं उघडून मागे पाहिलं. लिफ्टवाला तिच्यामागे फिरत होता. "बाईसाहेब, हे कपाट राहिलं," तो म्हणाला. ते कपाटही तिने तपासलं.

शेवटच्या दिवशी मावशी तिला चालवत घेऊन गेली. लख्ख उजेड होता. मुलगी टक्क जागी. दारात मावशी खाली बसली. इतक्या मुलांना निरोप दिला होता तिने, पण हे शब्द कधी तोंडातून काढले नव्हते.

"मी आता जाते," ती म्हणाली. "तू इथे राहायचंस. यांच्याकडे. भेटायला येईन मी, पण न्यायला नाही."

मुलीने तिचा पदर धरला. मग जे रडू फुटलं ते साऱ्या जिन्याने ऐकलं. चष्मेवाली खाली बसली, तिला पोटाशी धरलं. गप्प हो म्हणाली नाही. ताईने ते आधीच सांगून ठेवलं होतं. मावशीने एकेक बोट सोडवलं आणि उतरायला लागली. रडणं तिच्या मागे खालपर्यंत आलं, रस्त्यावर आलं. ती वळली नाही.

संध्याकाळी फोन आला. चष्मेवाली अगदी हळू बोलत होती.

"झोपली. आधी मला विचारलं, मी उठल्यावर तू कुठे असशील? म्हटलं, इथेच. आता मी जागची हलत नाहीये. गॅसवर दूध होतं, ते उतू गेलं."

"जाऊ दे," मावशी म्हणाली. "हलू नका."

फोन ठेवून ती मशीनपाशी बसली. खुर्चीवर कपड्यांचा ढीग तसाच. तिने दोरा ओवला, कापड सुईखाली सरकवलं, पाय ठेवला. आणि तिला ती बाकीची मुलं दिसायला लागली. न रडता गेलेली. कुठल्या कुठल्या खोल्यांत त्यांचे डोळे उघडत होते. वर वेगळं छत. मशीनचा आवाज बंद. मान वळवून मुलं तिला शोधत होती, एकामागून एक. तिला वाटायचं ती झोपली आहेत. ती सगळी कधीच जागी झाली होती.

नवरा दारात येऊन उभा राहिला. "चालव की मशीन. आता कोण घाबरणार आहे?"

तिने पाय काढून घेतला.

"मी," ती म्हणाली.