तांबी बसवायला सासूबाई सोबत आल्या

मैत्रिणींनो, आज परळच्या एका दवाखान्यात तांबी बसवून आले. लग्नाला वर्ष झालंय. लॉ पूर्ण होईपर्यंत मूल नको, असं नवऱ्याचं आणि माझं ठरलंय.

लालबागच्या आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी उडवूनच लावलं होतं, "आधी एक होऊ दे, मग बघू." म्हणून आज दुसरीकडे गेले. नवऱ्याला सुट्टी मिळाली नाही, तर सासूबाई म्हणाल्या, "मी येतंय." मला घामच फुटला. त्यांना नातवंडाची किती हौस आहे, हे सगळ्या चाळीला माहीत आहे.

डॉक्टरीणबाईंनी तपासलं, सगळं नीट समजावलं आणि सासूबाईंकडे बघून विचारलं, "घरच्यांची हरकत नाही ना?"

सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "तिका इचारा. गिरणीच्या संपात घरात खावक नव्हता, तेवा माझो थोरलो पोटात होतो. माका कोणी इचारूक नाय."

मी म्हटलं, "बसवा."

जोरात कळ आली, मग ओसरली. बाहेर पडताना सासूबाईंनी माझा हात धरला होता आणि मला लढाई जिंकल्यासारखं वाटत होतं.

तुमच्या आईला, सासूला कधी कोणी विचारलं होतं का? आज विचारून बघा आणि मला सांगा.